पॅड बदलायचे, की डिस्कही?

श्रावण लागला की आमच्या टपालाचा रंग बदलतो. पुरण सैल झालं तर काय करावं, पावसात वाळवलेल्या कपड्यांचा कुबट वास कसा घालवावा, रव्यात अळ्या होऊ नयेत म्हणून काय घालावं, अशी पत्रं गठ्ठ्यानं येतात. यंदा त्या गठ्ठ्यात विट्याच्या एका भगिनीचं पत्र निघालं. ते वाचलं आणि रवा, पुरण सगळं बाजूला ठेवलं. पत्र थोडं कमी करून देते.

"ताई, यांची नोकरी दोन वर्षांपासून नाशिकला आहे. महिन्यातून एकदा येतात. गाडी मात्र घरी असते आणि ती मीच चालवते. मुलांची शाळा, क्लास, आणि सासूबाईंना महिन्यातून एकदा मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. गाडी सात वर्षांची, ५८,००० किलोमीटर झाली. गेल्या महिन्यापासून ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून चिर्र आवाज येतो. एका गॅरेजमध्ये नेली. ते म्हणाले, 'पॅड, डिस्क, कॅलिपर सगळंच गेलंय, १४,००० लागतील.' घाबरून दुसरीकडे गेले. तिथल्यांनी चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, 'काही नाही वहिनी, नुसते पॅड टाकू, १,९०० रुपये.' यांना फोन केला तर म्हणतात, 'मी आलो की बघू, तोवर सांभाळून चालव.' ताई, सांभाळून म्हणजे कसं? गणपतीला सासूबाईंना आणि दोन्ही मुलांना घेऊन आंबा घाट उतरून साखरप्याला जायचं आहे. कोणाचं ऐकू?"

सांभाळून म्हणजे कसं! आपल्याला किती वेळा ऐकावं लागतं हो हे. दुधावर लक्ष ठेव, गॅस बंद कर, सांभाळून चालव. पण ब्रेक झिजलेला असेल तर सांभाळून चालवणारीची गाडीसुद्धा तेवढीच उशिरा थांबते. तेव्हा या बाईंना मी लगेच उत्तर पाठवलं, त्यांनी मला काही मापं आणून कळवली, आणि मग जो उलगडा झाला तो तुम्हा सगळ्यांच्या उपयोगाचा आहे म्हणून आजचं सदर त्याला दिलं आहे. पुरणाचं पुढच्या अंकात.

आधी एक कबुली. गाडीतलं मला जन्मजात काही कळत नाही. माहेरच्या फियाटला चारी चाकांना ड्रम होते आणि वडील आम्हा मुलींना बॉनेटला हातही लावू देत नसत. जे कळलं ते स्वतः दंड भरून कळलं. तो दंड कसा भरला ते पुढे येईलच. बाकीचं आमच्या कऱ्हाडच्या एका जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजात स्टुलावर बसून, प्रश्न विचारून विचारून शिकले. सुरुवातीला ते हसायचे. आता चहा मागवतात.

तर हे ब्रेक म्हणजे काय? देवघरातली सहाण आणि चंदनाचं खोड डोळ्यांपुढे आणा. चाकाबरोबर फिरणारी बिडाची गोल तबकडी म्हणजे डिस्क. काही जण तिला रोटर म्हणतात. ती झाली आपली सहाण. तिच्या दोन्ही अंगांनी दाबले जाणारे दोन पॅड म्हणजे खोड. आणि सांडशीनं पातेल्याची कड धरावी तसा या पॅडना डिस्कवर दाबून धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. आपण पाय दाबला की ब्रेक ऑइलच्या जोरानं सांडशी मिटते, घासाघीस होते, गाडी थांबते. खोड झिजण्यासाठीच असतं, ते संपलं की नवं आणतो. सहाण मात्र वर्षानुवर्षं पुरते. पण तीही झिजतेच. माझ्या आजेसासूबाईंच्या सहाणेला मधोमध असा खळगा पडला होता की त्यात पळीभर पाणी राहायचं. डिस्कचंही तसंच होतं, फक्त तिथे खळगा नखानं आणि मापानं शोधावा लागतो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की "पॅड गेले" आणि "डिस्क गेली" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पॅड संपले म्हणून डिस्क संपलीच असं नाही. आणि पॅड नवे घातले म्हणून खराब डिस्क सुधारते असंही नाही. गॅरेजवाला दोन्ही एका दमात सांगतो आणि आपण दोन्हींना एका दमात हो किंवा नाही म्हणतो, तिथे चूक होते.

आता आवाजाचं बघू. बायकांचा कान तयार असतो; कुकरच्या शिट्टीवरून आपण डाळ शिजली का ते ओळखतो. बऱ्याच पॅडना पोलादाची एक बारीक पट्टी लावलेली असते. पॅड ठरावीक पातळीपर्यंत झिजला की ती पट्टी डिस्कला टेकते आणि चिर्र असा बारीक, कानाला टोचणारा आवाज येतो. मुद्दामच केलेली सोय आहे ती. हा आवाज म्हणजे गॅसची नोंदणी करायची वेळ झाली, सिलिंडर अजून रिकामं नाही. पावसात रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर येते, तिला मात्र भिऊ नका. बिडावर गंजाचा पातळ थर चढतो तो निघून जातो. धुळीनंही कधी कधी आवाज येतो. पण खर्र-खर्र असा दगडावर दगड घासल्यासारखा आवाज, आणि पायालाही ती घरघर जाणवत असेल, तर पॅडचा मसाला संपून मागची लोखंडी पाटी डिस्कवर घासते आहे असं समजा. गाडी तिथेच ठेवा. दोन दिवसांच्या फेऱ्यांत चांगली डिस्क बाद होते, आणि ब्रेक तर नीट लागतच नाही.

सगळ्याच पॅडना ती पट्टी नसते, आणि असली तरी ती बहुधा जोडीतल्या एकाच पॅडला असते. त्यामुळे आवाज नाही म्हणजे सारं ठीक, हे खरं नाही. डोळ्यांनी बघायला हवं.

बघायचं कसं? गाडी थंड असताना बघा, हे आधी सांगते. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीच्या डिस्कला बोट लावलं तर तव्याला लावल्यासारखा चटका बसतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे पुढचं चाक बाहेर येतं, आणि बॅटरीच्या उजेडात आत बघा. चकचकीत डिस्क दिसेल, तिला मिठी मारलेला कॅलिपर दिसेल आणि त्या दोहोंच्या मध्ये पॅडची कड. पॅडचे दोन थर असतात: मागे लोखंडी पाटी, पुढे काळपट मसाला. मोजायचा तो मसाला, पाटी नव्हे. नव्या पॅडचा मसाला साधारण ८ ते १२ मिलिमीटर असतो. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली. २ च्या खाली गेला तर आज आणि आत्ता.

पण इथेच ती गोम आहे, जिच्यामुळे विट्याच्या बाईंना दोन गॅरेजांत दोन उत्तरं मिळाली. चाकाच्या फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा पॅड. आतला दिसत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत आतलाच आधी झिजतो. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. दाराच्या कडीला गंज चढला की ती जशी अडते तशा या पिना आपल्याकडच्या चिखलपाण्यात अडतात. मग ऑइलच्या जोरानं आतला पॅड डिस्कवर दाबला तर जातो, पण कॅलिपर सरकून बाहेरच्याला तेवढं ओढून घेत नाही, आणि सुटतानाही आतला मोकळा होत नाही. सगळा भार त्या एकट्यावर. घरात कसं, एक सून राबते आणि दुसरी पाहुणी, तसं. तेव्हा फटीतून बॅटरी मारून दिलेला निकाल ऐकून घ्या, पण त्यावर पैसे ठरवू नका. "दादा, चाक खोलून दाखवा," असं सांगायचं. चाक काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. जो दाखवायला तयार नाही त्याच्याकडे काम देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मी त्या बाईंना कळवलं: पुढची दोन्ही चाकं खोलायला लावा, चारही पॅडचा मसाला मोजा, आणि प्रत्येक डिस्कची जाडी किती ते मिस्त्रींना मोजून आकडा लिहून द्यायला सांगा. "गेलीय" हा शब्द नको, आकडा हवा.

डिस्कला आकडा कसला, असं वाटेल. तर डिस्क किती झिजेपर्यंत वापरायची ती किमान जाडी कंपनीनं ठरवलेली असते आणि बहुतेक वेळा ती डिस्कवरच, कडेला किंवा मधल्या भागावर, कोरलेली असते. गंजात लपली असेल तर तारेच्या ब्रशनं घासल्यावर दिसते. नाहीच सापडली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आपल्या मॉडेलचा आकडा विचारता येतो. पुष्कळ लहान गाड्यांत नव्या डिस्कपासून हा आकडा फार तर दोनेक मिलिमीटरनं कमी असतो. म्हणजे एवढ्या जाड बिडातून झिजायची मुभा आहे ती दोन्ही अंगांची मिळून एवढीच. पातळ डिस्क लवकर तापते, तापली की ब्रेकची पकड सुटते, आणि फारच पातळ झाली तर तडकते. डोळ्यांना जाड दिसते म्हणून चालेल असं म्हणणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी त्याच्या हातात मायक्रोमीटर द्या.

मोजतानाही एक फसगत असते. पॅड डिस्कच्या अगदी टोकापर्यंत टेकत नाही, त्यामुळे झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली एक उभी धार राहते, पराताच्या काठासारखी. साध्या व्हर्निअरचे जबडे त्या काठावर टेकले तर जाडी जास्त दाखवतात आणि बाद डिस्क पास होते. मोजायचं ते काठाच्या आत, जिथे पॅड घासतो तिथे, आणि फिरवून फिरवून चार-पाच ठिकाणी. हे मला आमच्या मिस्त्रींनी दाखवलं तेव्हा भाजीवाल्याच्या तराजूची आठवण झाली. काटा बरोबर असतो, पारडं कशावर टेकलंय तेच बघावं लागतं.

मापाशिवाय आणखी तीन गोष्टी बघाव्यात. डिस्क थंड असताना आतून बाहेर नख ओढून बघा. बारीक रेषा असतातच, जुन्या तबकडीवरच्या गाण्यासारख्या; त्यांचं काही नाही. नख अडकेल अशी चर असेल तर प्रश्न आहे. निळसर-जांभळे डाग असतील तर ती कधी तरी फार तापली होती. आणि केसासारखी जरी तडा दिसली तरी मापबीप काही बघायचं नाही, बदलायची. चौथी खूण चालवताना मिळते: ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरतं किंवा स्टिअरिंग हातात हलतं. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की असं होतं. ही असमानता मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची, डोळ्यांना दिसायचीच नाही, पण पायाला कळते.

आता माझा दंड. तीन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला चिपळूणला निघाले होते. गाडीत मी, माझी जाऊ, मागे दोन मुलं आणि डिकीत रुखवताचं सामान. कुंभार्ली घाट उतरताना पाऊस, धुकं, पुढे मालट्रक. मी तिसऱ्या गिअरमध्येच पाय ब्रेकवर ठेवून उतरत राहिले. पायथ्याला पोफळीजवळ आलो तेव्हा करपल्याचा वास गाडीभर झाला होता. जाऊ म्हणाली, "वहिनी, डबा करपला का हो मागे?" डबा कुठला करपतो! एका वळणावर पेडल दाबलं तर ते लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. पुन्हा पुन्हा दाबलं, गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी कडेला थांबली. मुलं मागे अंताक्षरी खेळत होती, त्यांना कळलंही नाही. मला मात्र दहा मिनिटं दार उघडून उतरता येईना.

तासभर थांबून, गाडी निववून, हळूहळू चिपळूण गाठलं. तिथल्या एका गॅरेजमध्ये सांगितलं की पॅड जळालेत, डिस्कवर निळे डाग आहेत, दोन्ही बदला. लग्नघरचा खर्च, त्यात हा. मी म्हटलं, सध्या नुसते पॅड टाका. त्यांनीही वाद घातला नाही, मापही घेतलं नाही. नवे पॅड आले, महिन्याभरात स्टिअरिंग थरथरू लागलं, चार महिन्यांत ते नवे पॅड वेडेवाकडे झिजले. शेवटी डिस्क बदलाव्या लागल्या आणि त्यांच्याबरोबर पॅड दुसऱ्यांदा. तीन हजार वाचवायला गेले आणि पॅडचे पैसे दोनदा गेले. पैशाचं सोडा. ते चार महिने मी मुलांना त्याच गाडीतून शाळेत सोडत होते, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

घाटात काय व्हायला हवं होतं ते सांगते, कारण गणपतीला पुष्कळ जणी घाट उतरणार आहेत. उतारावर गाडी इंजिनानं धरायची, म्हणजे चढताना ज्या गिअरमध्ये चढली असती त्या गिअरमध्ये उतरायची, दुसऱ्या, प्रसंगी पहिल्या. ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. पाय टेकवून ठेवायचा नाही. सतत घासलं की पॅड आणि डिस्कची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, मिठासारखं. डॉट ३ नावाचं जे ऑइल मिळतं ते नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण ओल शोषलेल्या ऑइलला तोच दंडक १४० वर येतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यायचं, नुसतं वरून भरायचं नाही. माझ्या गाडीत ते पाच वर्षांचं होतं, हे मला नंतर कळलं.

आणखी एक. "आता गाडीला एबीएस असतं, काळजी नको," असं पुष्कळ जण म्हणतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं आणि चांगलंच झालं. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. झिजलेल्या पॅडला ते मसाला आणून देत नाही.

आता विट्याच्या बाईंचं काय झालं? त्यांनी तिसरं गॅरेज गाठलं, शेजारच्या वहिनींना सोबत घेऊन गेल्या. (ही युक्ती चांगली. दोघी असलो की प्रश्न विचारायचा धीर येतो, आणि आकडे एक जण लिहून घेते.) चाकं खोलली. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड ३ मिलिमीटर. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड चांगला ५, आणि आतला? मसाला जवळजवळ नाहीच, एका टोकाला पाटी डिस्कला लागायला सुरुवात झालेली. डिस्कवर किमान १८ असं कोरलेलं होतं. उजवी भरली १८.९, डावी १७.६, आणि डावीच्या आतल्या अंगाला नख अडकेल अशी चर. कॅलिपरची खालची पिन गंजून घट्ट बसली होती.

म्हणजे बघा, बॅटरी मारून "नुसते पॅड टाका" म्हणणाऱ्यानं लबाडी केली नव्हती. त्यानं डावा बाहेरचा पॅड बघितला, तो चांगलाच होता. पण त्याचं ऐकलं असतं तर नवे पॅड बाद डिस्कवर बसले असते आणि बाई तशाच आंबा घाट उतरल्या असत्या. पहिल्या गॅरेजवाल्याचं डिस्कबद्दल बरोबर होतं, पण त्यानं अडकलेल्या पिनेसाठी दोन्ही अख्खे कॅलिपर लावले होते हिशेबात. तिसऱ्या मिस्त्रींनी पिना काढून घासल्या, त्यांचं खास ग्रीस लावलं, रबरी टोप्या नव्या घातल्या. कॅलिपर सुरळीत सरकायला लागला. कॅलिपर बदलायचा तो ऑइल गळत असेल किंवा आतला दट्ट्याच अडकून बसला असेल तर. सगळं मिळून त्यांना ६,४०० रुपये लागले.

"उजवी डिस्क तर १८.९ होती, तीही का बदलायची?" असं त्यांनी मला पुन्हा विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. एक तर एका धुरीवरच्या दोन्ही बाजू नेहमी जोडीनं बदलायच्या, पॅड असोत की डिस्क. एका बाजूला नवी पकड आणि दुसरीकडे जुनी असली तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. ओल्या रस्त्यावर ते महागात पडतं. दुसरं म्हणजे डिस्क आज पास आहे का एवढंच बघून भागत नाही. आज घातलेले नवे पॅड संपेपर्यंत ती टिकेल का, हे बघायचं. तुमची डिस्क किमान आकड्याच्या अगदी जवळ, पाव मिलिमीटरवर आली असेल तर या खेपेलाच बदलून टाका. एक-दीड मिलिमीटर शिल्लक असेल, नख अडकत नसेल, थरथर नसेल, तर डिस्कवर पैसे घालू नका, कोणी कितीही सांगो. काही ठिकाणी डिस्क लेथवर फिरवून गुळगुळीत करून देतात. फिरवल्यानंतरही जाडी किमान आकड्याच्या पुरेशी वर राहत असेल तरच ते करावं. लहान गाडीच्या बाबतीत नवी डिस्क आणि लेथची मजुरी यांत फारसा फरक पडत नाही असं दिसलं तर सरळ नवी घ्यावी.

काम करून घेताना चार गोष्टी सांभाळा. सुट्या भागांचा खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्यावर किंमत छापलेली असते, बिलाशी ताडून बघा आणि मजुरी वेगळी लिहून मागा. जुने पॅड आणि डिस्क डिकीत ठेवायला सांगा. भंगारात चार पैसे येतात ते सोडा, पण काय बदललं याचा तो पुरावा असतो. पॅडमधली धूळ कोणी तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवत असेल तर मुलांना लांब घ्या; जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असायचं, आणि आताची धूळही फुप्फुसांना चांगली नाही. ओल्या फडक्यानं पुसावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: नवे पॅड घालताना कॅलिपरचा दट्ट्या मागे ढकलावा लागतो, त्यामुळे पहिल्यांदा दाबलेलं पेडल थेट जमिनीला टेकतं. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घ्यायचं. मिस्त्री करतातच, पण तुम्ही बसल्यावर एकदा स्वतः करा.

नवी जोडी लगेच घाटात नेऊ नका, हेही सांगून ठेवते. नव्या चपलेसारखे पॅडही डिस्कवर बसायला वेळ घेतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर अचानक करकचून ब्रेक मारायची वेळ येणार नाही असं अंतर ठेवून चालवा. म्हणजे प्रवासाच्या आदल्या दिवशी काम करून घेणं सोयीचं नाही. गणपती जवळ आलेत, मोजा दिवस.

मागच्या चाकांबद्दल थोडंसं. बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम असतात, आत लायनर. ते सावकाश झिजतात आणि बाहेरून दिसत नाहीत. हँडब्रेक पूर्वीपेक्षा फार वर ओढावा लागत असेल तर ड्रम उघडून बघायला सांगा. आणि हँडब्रेक सोडलेला असतानाही समोर तो लाल दिवा पेटत असेल, तर ब्रेक ऑइल कमी झालंय. पॅड झिजले की ऑइलची पातळी थोडी थोडी उतरते, तेही कारण असू शकतं, पण गळतीही असू शकते. कारण कळल्याशिवाय ऑइल भरून पुढे जाऊ नका.

विट्याच्या बाईंचा काल निरोप आला. त्यांच्या "यांना" बिलाचा फोटो पाठवला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डिस्कची जाडी किती भरली होती?" बाईंनी आकडा सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं झालं थांबली नाहीस." सासूबाई मोदकांचं सारण आधीच करून न्यायचं म्हणताहेत, गाडी घाटाआधी दोनशे किलोमीटर चालवून घेण्याच्या निमित्तानं परवा मिरजेची फेरीही झाली.

पुढच्या अंकात पुरण, आणि जागा उरली तर गाडीची बॅटरी पावसाळ्यात का उतरते ते. त्याबद्दल पाच पत्रं आली आहेत.